अनोळखी शहरात शनिवार-रविवार अचानक अडकून पडलो तर अनोळखी माणसांची मदत घ्यावी का?

घ्यावी. बिनदिक्कत घ्यावी.

तुम्ही लिहिलंय की कामाला गेलेल्या गावात परतीची गाडी हुकली, सोमवारपर्यंत तिथेच राहावं लागलं, आणि घरच्यांनी फोनवर एकच धोशा लावला: कुणाशी बोलू नका, कुणाच्या हातचं खाऊ नका, हॉटेलच्या खोलीबाहेर पडू नका. हे वाचलं आणि मला राहवलं नाही. हाच उपदेश मी माझ्या मोठ्या दिरांकडून लग्न झाल्यापासून ऐकतेय. "फुकट कुणी काही देत नसतं" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते खोटं आहे. २०१६च्या नोव्हेंबरात अमृतसरला मी ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

आम्ही परभणीच्या. मी आणि सासूबाई, दोघीच वैष्णोदेवीला गेलो होतो. येताना अमृतसरहून सचखंड एक्स्प्रेस धरली की थेट परभणीला उतरता येतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. तिकीट १२ नोव्हेंबरचं, शनिवारी पहाटेचं. तारखेवरून तुमच्या लक्षात आलंच असेल. ८ तारखेच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली तेव्हा आम्ही कटऱ्याला होतो, आणि सासूबाईंच्या पेन्शनमधून काढून आणलेले पैसे जवळपास सगळे पाचशेच्या नोटांत. होत्या नव्हत्या त्या शंभराच्या नोटा पुरवून पुरवून अमृतसर गाठलं. आणि शुक्रवारी रात्री हॉटेलात सासूबाईंना थंडी वाजून ताप भरला. अंगावर दोन रजया घातल्या तरी दातावर दात आपटत होते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला तशा तापात दीड दिवसाच्या प्रवासाला नेणं मला पटेना. गाडी सोडून दिली.

हॉटेलवाल्याला सकाळी सांगितलं, अजून दोन दिवस राहू द्या. सोमवारी गुरुपूरब होता, गुरू नानकांची जयंती, त्यामुळे खोल्या आधीच लागलेल्या. जुन्या नोटा घेणार नाही म्हणाला आणि दहा वाजता खोली रिकामी करून घेतली. आता बघा, भावजींच्या मते हीच सगळ्यात सुरक्षित जागा, रोख पैसे मोजून घेतलेली. पैसे चालेनासे झाले त्या क्षणी ती जागा आमची राहिली नाही.

पायरीवर सासूबाईंना टेकवून मी उभी होते तेव्हा एका सायकलरिक्षावाल्याने विचारलं, "माताजी बीमार हैं क्या?" तो बिहारकडचा, पूर्णियाचा. म्हणजे त्या शहरात तोही माझ्यासारखाच परका. सुटे नाहीत म्हटलं तर म्हणाला, मी विचारलेत का? आधी त्याने आम्हाला दरबार साहिबजवळच्या, म्हणजे सुवर्णमंदिराजवळच्या, एका धर्मादाय दवाखान्यात नेलं, आत नंबर लागेपर्यंत बाहेर थांबला, मग तिथल्या सराईपाशी (यात्रेकरूंच्या धर्मशाळेपाशी) आणून सोडलं. शेवटी चहापुरते दहा रुपये घेतले, तेही मी हातात कोंबले म्हणून.

सराईत गुरुपूरबाची गर्दी होती. पंजाबच्या गावोगावहून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून माणसं आलेली, व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नाही. खिडकीवरच्या वयस्कर सेवादारांनी खोली नाही म्हणून सांगितलं, पण सासूबाईंकडे पाहून स्वतः उठले आणि आत जाऊन एका कुटुंबाशी बोलले. त्या कुटुंबाने आपली खाट दिली. नुसती देऊ केली नाही, त्यातली बाई उठून, चादर झटकून, सासूबाईंना दंडाला धरून घेऊन गेली. त्यांची स्वतःची दोन लहान मुलं मग रात्रभर फरशीवर सतरंजी टाकून झोपली.

त्या बाईंचं गाव गुरदासपूर जिल्ह्यात, घुमाणजवळ. मी महाराष्ट्रातली म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. "बाबा नामदेव जी दे देस तों?" नामदेव महाराजांनी आयुष्याची शेवटची वर्षं घुमाणला काढली असं तिथली माणसं मानतात, गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदं आहेत. २०१५ला सदानंद मोरे अध्यक्ष असलेलं साहित्य संमेलन घुमाणला झालं, ते या बाईंनी पाहिलं होतं, महाराष्ट्रातून आलेल्या लोकांना पाणी वाटलं होतं. आणि नामदेवांची नर्सी तर आमच्याच जिल्ह्यातली. १९९९ला हिंगोली वेगळा झाला, त्याआधी ते सगळं परभणीच. सासूबाईंनी ग्लानीतच हे सांगितलं, आमच्या परभणीच्या हिंदीत, आणि त्या बाईंनी वाकून त्यांच्या पायांना हात लावला. संतांची नावं आपण भाषणांत फार घेतो. सातशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या नावावर कुणी खाट सोडलेली मी तिथे पाहिली.

लंगरचं जेवण त्याच आणून द्यायच्या. पहिल्या दिवशी सासूबाईंना काही जाईना, तर त्यांनी डाळीचं वरचं पाणी वाटीत काढून घेतलं, त्यात परशादा (तिथली पोळी) बोटांनी बारीक कुस्करला आणि पाच-पाच मिनिटांनी एकेक चमचा भरवत बसल्या. माझी स्वतःची आई असती तरी मी इतक्या सावकाश भरवलं नसतं. रात्री ताप उतरून घाम फुटला तेव्हा आपल्या चुन्नीने त्यांची मान पुसली. मी रुमाल काढेपर्यंत त्यांचं पुसून झालं होतं.

त्याच संध्याकाळी भावजींचा फोन. कुठे आहात म्हणाले. सराईत म्हटलं तर आवाज चढला. "ते लोक आधी खाऊ घालतात, मग झोपेत सामान उचलतात. आत्ताच्या आत्ता चांगलं हॉटेल बघ." कोणत्या नोटांनी बघू, हे विचारलं तर फोन ठेवला.

नोटांचंही सांगते. रविवारी बँका मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या. रांगेत बायकांना वेगळं सोडत होते, तरी दोन तास गेले. मिळाली काय, तर दोन हजाराची गुलाबी नोट! ती घेऊन बाजारात गेलं की दुकानदार हात जोडायचे. त्या दिवसांत पाचशेला चारशे देणारे दलाल गल्लोगल्ली होते. एका पापड-वड्यांच्या दुकानात मी पाव किलो वड्या मागितल्या आणि नोट पुढे केली. म्हातारे सरदारजी नोटेकडे बघत म्हणाले, वड्या घ्यायच्यात की सुटे हवेत? खरं ते सांगितलं. त्यांनी गल्ला उघडून शंभराच्या वीस नोटा मोजून दिल्या, एक रुपया कापला नाही, आणि वड्या घेऊ दिल्या नाहीत. बीमार माणसाला मसाल्याच्या वड्या कशाला, म्हणाले. ज्या दिवसांत शंभराची नोट सोन्याच्या भावात होती त्या दिवसांत हे. रेल्वेच्या खिडकीवर मात्र जुन्या नोटा चालत होत्या, त्यामुळे परतीचं तिकीट त्यात निघालं.

सोमवारी सासूबाई उठून बसल्या. संध्याकाळी त्या बाईंचा हात धरून परिक्रमेत आल्या. सगळा दरबार दिव्यांनी उजळलेला, आणि योग असा की १९४८नंतर चंद्र पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आला तो त्याच पौर्णिमेला. मी लंगरमध्ये थाळ्या घासायला बसले. शेजारी कॅनडाहून आलेली एक मुलगी आणि एक सुटाबुटातले गृहस्थ कोपरापर्यंत बाह्या सारून घासत होते. कुणी कुणाला नाव विचारत नव्हतं. येतानाच्या सचखंडमध्येही स्टेशनांवर लंगर मिळाला, डबा तेवढा स्वतःचा लागतो.

आता भावजींबद्दल. आमच्याकडे पूर्वी आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या एका दिंडीची पंगत व्हायची. पन्नासेक माणसं अंगणात जेवायची, रात्री ओसरीवर पडायची. एका वर्षी पितळी तांब्या गेला, आणि भावजींनी पंगत बंद केली. एक तांब्या! सासूबाई तेव्हा काही बोलल्या नाहीत, मीही नवीन सून, गप्प बसले. अमृतसरहून आल्यावर सासूबाईंनीच पुढच्या आषाढीला पंगत पुन्हा सुरू करायला लावली. भावजींनी विरोध केला, त्यांना त्या म्हणाल्या, "मी परक्याच्या खाटेवर बरी झालेय." त्या आता नाहीत, पंगत चालू आहे. भावजी अजूनही जेवणाआधी भांडी मोजतात. मोजू देत. पण माणसं तपासून मग जेवू घालायचं, हे मी मान्य करणार नाही, आणि तुमच्या घरच्यांनाही मी हेच सांगेन: ज्याला कधी परक्याकडून घ्यायची वेळ आली नाही तोच असा उपदेश करतो.

थोडं व्यवहाराचं. माझ्याबरोबर सासूबाई होत्या, आणि म्हाताऱ्या आजारी बाईला बघून माणसं विरघळतात. एकट्या तरुण मुलीला रात्री हाच अनुभव येईल अशी हमी मी देणार नाही, तिने उजेडात, बायका-पोरं असलेल्या ठिकाणीच थांबावं. एटीएमचा पिन आणि फोन कुणाच्या हातात द्यायचा नाही. सराईत किंवा धर्मशाळेत ओळखपत्र लागतं, ते जवळ ठेवा. गुरुद्वारात डोकं झाकायचं, तंबाखू-सिगारेट बाहेर, आणि ते फुकटचं हॉटेल समजून राहायचं नाही, जमेल ती सेवा करायची. कुठे आहात ते घरी कळवा, पण परवानगी मागू नका. हेच नांदेडला हजूर साहिबातही लागू आहे, तिथे तर मराठीतच बोलता येतं.

कोणत्या शहरात अडकलात ते तुम्ही लिहिलेलं नाही. अमृतसरच असेल तर स्टेशनबाहेर दरबार साहिबकडे जाणारी मोफत बस मिळते, तिच्यात बसा.