ओहोटीची वेळ काढणारी मुलगी

प्रश्न : सर, मी रत्नागिरीत बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. गाव जयगडच्या खाडीवर. दहावीला शाळेत पहिली होते. इथे फिजिक्सच्या पहिल्या परीक्षेत ५० पैकी १९ मिळाले. रोज दोन तास बसते, सोडवलेली उदाहरणं तीन-तीनदा वाचते. वाचताना सगळं कळतं, पेपरात हात चालत नाही. मराठी मला कायम चांगलं जातं. फिजिक्स माझ्या डोक्याचं नाही. कला शाखेला जाऊ का? आईबरोबर कालवं काढायला जाताना ओहोटीची वेळ मीच काढते, एवढंच काय ते माझं विज्ञान.

उत्तर : मुली, शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो. चतुर्थी असली की तू चारची पाऊणपट करतेस, तीनच्या सुमारास पूर्ण भरती धरतेस, त्यात सव्वासहा तास मिळवून सव्वानऊला, पूर्ण ओहोटीला, आईला खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांवर नेतेस. हो ना? आता सांग, पाऊणपटच का? भरती चंद्राच्या मागे चालते. चांद्रमासात तिथी ३०. तेवढ्यात चंद्र सूर्याच्या मागे पडत पडत २४ तासांचा एक पूर्ण फेरा मागे राहतो. २४ भागिले ३० म्हणजे तिथीला ४८ मिनिटं. आपल्या जुन्या माणसांनी ती पाऊण तासावर आणून ठेवली. हे फिजिक्सच आहे, आणि तू ते रोज न बघता करतेस.

तिथे हात चालतो, कारण तिथे पुस्तक नसतं. वाळूत उभं राहून स्वतःच काढावं लागतं. अभ्यासात मात्र दुसऱ्यानं सोडवलेलं वाचतेस. ‘कळलं’ आणि ‘आलं’ यांत फार अंतर आहे. मीही पहिल्या वर्षी मेकॅनिक्सच्या चाचणीत नापास झालो होतो; वहीत सगळी उदाहरणं सुबक उतरवलेली, स्वतः सोडवलेलं एकही नाही. न अडकण्याची सोय करून अभ्यास करत होतो. तुझंही तेच होतंय, असं मला वाटतं. जमणार नाही या भीतीनं तू कोरा कागद टाळतेस, म्हणून पेपरात जमत नाही, आणि मग ते १९ गुण ‘बघ, सांगितलं होतं’ म्हणतात.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली, तेव्हा आठवून लिहिणारे. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

मराठीचं म्हणशील, तर हर्बर्ट मार्श या मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली एक चमत्कारिक गोष्ट मांडली. भाषेत चांगले गुण मिळवणारी मुलं बहुधा गणितातही बरी असतात, पण ‘मी कशात चांगली’ हे ठरवताना ती आपल्याच दोन विषयांची तुलना करतात आणि उजव्या विषयापुढे दुसऱ्याला डावं ठरवतात. शिवाय तुलनेचा वर्गही बदललाय. गावच्या शाळेत तू पहिली होतीस, इथे प्रत्येक बाकावर कुठल्या तरी शाळेतला पहिला बसलाय. मराठी मनापासून आवडत असेल तर खुशाल जा, मला आनंदच होईल. पण १९ गुणांना घाबरून जाऊ नकोस.

तूर्त एवढं कर. सोडवलेलं उदाहरण एकदा वाच, पुस्तक मिट, आकृती स्वतः काढ, कोणती बलं लागताहेत ते लिही आणि शेवटपर्यंत जा. अडलीस तर दहा मिनिटं अडून राहा, मगच उघड. तेच उदाहरण तीन दिवसांनी आकडे बदलून पुन्हा. रोज तीनच, पण रोज. शनिवारी एस्टीनं गावी जाताना आठवड्याची सूत्रं मनात काढ. जयगड येईपर्यंत पुरेल एवढा वेळ मिळतो.

महिन्यानं ती वही मला पाठव. खाडाखोड केलेलीच पाठव, सुबक उतरवून काढू नकोस. आणि अष्टमीला पूर्ण ओहोटी कधी असते तेही पहिल्या पानावर लिही, कारणासकट.