फ्लॅट नवऱ्याच्या नावावर, पण दागिने माझे मोडले. घटस्फोटात निम्मा हिस्सा मिळेल का?

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तेरा वर्षांचा संसार, आता परस्पर संमतीने वेगळं व्हायचं ठरलंय. इंदिरानगरचा टू बीएचके २०१५ मध्ये घेतला, कागदावर एकट्या नवऱ्याचं नाव. डाउन पेमेंटला तुमचे ९ तोळे मोडले, हप्ते त्याच्या पगारातून गेले. मुलगी झाल्यावर तुम्ही नोकरी सोडलीत. सासरची निफाडला द्राक्षबाग आहे. आणि मैत्रीण म्हणते, निम्मं तर मिळतंच.

आपोआप नाही मिळत. मी वकील नाही, अंबडला एका कारखान्यात नोकरी करतो. पण माझा घटस्फोट नाशिकच्याच कौटुंबिक न्यायालयात झाला आणि त्यात मी तुमच्या नवऱ्याच्या जागी होतो. त्यामुळे तिकडून कोणता हिशेब येणार, तो मला तोंडपाठ आहे.

आधी ते निम्म्याचं. ही समजूत आपल्याकडे बहुतेक परदेशी मालिकांतून आली असावी. आपल्या देशात असा कायदा गोव्यात आहे. पोर्तुगीजांच्या १८६७ च्या नागरी संहितेमुळे तिथे वेगळा करार केला नसेल तर लग्नानंतर दोघांची मालमत्ता सामाईक धरतात. महाराष्ट्रात ज्याच्या नावावर त्याचं, हाच आरंभ. पतीच्या स्थावर मालमत्तेत पत्नीला वाटा देणारं विधेयक २०१३ मध्ये राज्यसभेत मंजूर झालं होतं, पण २०१४ ला लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. हिंदू विवाह कायद्याचं कलम २७ आहे, पण ते लग्नात किंवा लग्नाच्या आसपास दोघांना मिळून आलेल्या वस्तूंपुरतं. २०१५ चा फ्लॅट त्यात बसत नाही. कलम २५ खाली कायमची पोटगी ठरवताना कोर्ट दोघांचं उत्पन्न, मालमत्ता बघतं. पण दोघांची संपत्ती समान करणं हे पोटगीचं काम नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये स्पष्ट सांगितलंय.

म्हणजे तुमच्या प्रकरणात न्याय्य वाटणी व्हायची असेल तर ती सहमतीच्या अटींच्या कागदावरच होईल. तो कागद नवऱ्याच्या वकिलाने तयार करून आणला आणि तुम्ही फक्त सही केलीत, असं होऊ देऊ नका.

तुमची खरी ताकद ते ९ तोळे आहेत. स्त्रीधन, म्हणजे बाईला लग्नात आणि नंतर मिळालेले दागिने-भेटी, हे पूर्णपणे बाईचंच, नवऱ्याकडे ते विश्वासाने सांभाळायला दिलेलं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं. एप्रिल २०२४ मध्ये केरळच्या एका प्रकरणात पुन्हा तेच म्हटलं: अडचणीत नवऱ्याने स्त्रीधन वापरलं तरी परत करायची नैतिक जबाबदारी त्याच्यावर राहते. त्या बाईंना २५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. तेव्हा नवरा म्हणेल, 'तेव्हाचे दोन-सव्वादोन लाख देतो', तर ऐकू नका. रुपये मागू नका, तोळे मागा. सोन्याचा भाव तेव्हापासून कुठे गेलाय ते सराफ बाजारात एक चक्कर मारली की कळतं. फ्लॅटची वाढलेली किंमत त्याने ठेवायची आणि तुम्ही मात्र २०१५ च्या भावात समाधान मानायचं, हा कुठला हिशेब? (आणि लिहिताना ग्रॅममध्ये लिहा. सराफाचा आजचा तोळा १० ग्रॅमचा, आजीच्या हिशेबातला साडेअकराच्या वरचा. आमच्याकडे यावरून एक अख्खी तारीख वाया गेली.)

पुरावा म्हणून दागिने मोडल्याची पावती, त्याच आठवड्यात बँकेत जमा झालेली रक्कम आणि बिल्डरला गेलेला चेक, या तिघांची साखळी लावा. पतीच्या नावावरच्या घरात पत्नीने ज्ञात उत्पन्नातून पैसे घातले तर तो व्यवहार बेनामी ठरत नाही, त्यामुळे 'नाव माझं म्हणून घर माझं' एवढ्यावर बोलणं संपत नाही. कौटुंबिक न्यायालयाला पती-पत्नीच्या मालमत्तेचा दावाही ऐकता येतो. फक्त तो वर्षानुवर्षं चालतो, म्हणून दाव्याची तयारी पूर्ण ठेवून बोलणी करायची.

आता हप्त्यांकडे येतो. मी कोर्टाच्या समुपदेशक बाईंसमोर एक्सेल घेऊन गेलो होतो. ८४ हप्ते, सोसायटीचा मेंटेनन्स, मॉड्युलर किचन, सगळं माझ्या रकान्यात. आईच्या खुब्याच्या ऑपरेशनचं बिलसुद्धा. बाईंनी विचारलं, "ऑपरेशननंतर आईंना उठवायला-बसवायला कोण होतं?" बायकोने चार महिने बिनपगारी रजा काढली होती. तो रकाना माझ्या एक्सेलमध्ये नव्हताच. त्यांनी मला घरी जाऊन चार महिन्यांच्या आयाचा खर्च लिहून आणायला सांगितलं. मी रागारागाने लिहिला, मग मुलाला सांभाळायचा लिहिला, मग डब्याचा. पुढच्या तारखेला मी ती एक्सेल नेलीच नाही.

तुम्ही तो रकाना आधीच लिहून न्या. सोडलेल्या नोकरीचा शेवटचा पगार, किती वर्षं, मधल्या वाढी, बुडालेला पीएफ. मद्रास उच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये याच तर्काने एका गृहिणीला नवऱ्याच्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत निम्मा वाटा दिला: तिने घर सांभाळलं म्हणूनच त्याला कमावता आलं. नाशिकच्या न्यायालयावर तो निकाल बंधनकारक नाही, पण बोलणीत वजन पडतं. माझं मत विचाराल तर फ्लॅटच्या आजच्या किमतीतून उरलेलं कर्ज वजा करा, त्यातून तुमचं सोनं आधी बाजूला काढा आणि उरेल ते निम्मं करा. तुमचा नवरा याला अन्याय म्हणेल. मीही म्हणालो होतो.

त्याची मिळकत नक्की किती, हे माहीत नसेल तर अंदाजाने आकडा मागू नका. पोटगीचा वाद कोर्टात असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालानुसार दोघांनाही मिळकत आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. बोलणीतही तोच नमुना वापरा आणि दोघांनी भरा. एफडी, म्युच्युअल फंड, पीएफ, विमा, सगळं त्यात येतं.

निफाडच्या बागेवर तुमचा हक्क नाही. सून म्हणून तुम्हाला वाटणी मागता येत नाही. मात्र सात-बारा आणि जुने फेरफार काढा. जमीन वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीनंतर तुमच्या मुलीचा त्यात जन्माने वाटा आहे, आणि तो तुमच्या घटस्फोटाने तुटत नाही. सासऱ्यांनी स्वतः कमावून घेतलेली असेल तर तसं नाही. अटींमध्ये 'पत्नी व अपत्य यांचा कोणताही हक्क राहणार नाही' असं वाक्य हळूच घातलेलं असतं. त्यातला 'अपत्य' शब्द काढायला लावा. मुलीच्या पोटगीचा हक्कही तुम्ही तिच्या वतीने सोडून देऊ शकत नाही.

आणि निकाल लागेपर्यंत रागाने घर सोडून माहेरी जाऊ नका, मारहाण वगैरे असेल तर गोष्ट वेगळी. एका छताखाली राहूनही पती-पत्नी म्हणून वेगळे राहता येतं. परस्पर संमतीला लागणारं एक वर्षाचं वेगळं राहणं तसंही धरलं जातं, ते वकिलाकडून नीट लिहून घ्या. कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामाईक घरात राहण्याचा हक्क मिळतो. मालकी मात्र मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता माझी चूक सांगतो, ती तुमच्या उपयोगाची आहे. आमचा पाथर्डी फाट्याचा फ्लॅट दोघांच्या नावावर होता. तो तिला द्यायचा ठरला आणि अटींमध्ये एका ओळीत तसं लिहिलं. डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला, मग निवांत हक्कसोडपत्र करायला गेलो. तोवर आम्ही पती-पत्नी नव्हतो, त्यामुळे माझ्या निम्म्या हिश्श्याच्या बाजारभावावर खरेदीखतासारखं मुद्रांक शुल्क भरावं लागलं. नातं असताना राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं असतं तर महाराष्ट्रात मूळ मुद्रांक २०० रुपये आहे. बँकेचं तर त्याहून वाईट. कोर्टाची डिक्री बँकेला बांधत नाही. तिच्या एकटीच्या पगारावर कर्ज बसेना म्हणून मी तीन वर्षं सहकर्जदार राहिलो, घर तिचं, सिबिलवर बोजा माझा, आणि मला स्वतःसाठी कर्ज मिळेना. म्हणून अटी लिहिण्याआधी दोघं मिळून बँकेत जा, ना-हरकत लेखी घ्या.

पण सगळं आधीच देऊन-घेऊनही मोकळं होऊ नका. डिक्रीच्या क्षणापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. परस्पर संमतीच्या घटस्फोटात कोर्टात दोनदा अर्ज करावा लागतो, आणि पहिला व दुसरा अर्ज यांत सहा महिने असतात (२०१७ पासून योग्य प्रकरणात कोर्ट ते माफ करतं). बहुतेक वकील रक्कम टप्प्यांत लावतात: काही पहिल्या अर्जाला, उरलेली दुसऱ्या अर्जाच्या दिवशी डिमांड ड्राफ्टने, न्यायाधीशांसमोर. दस्तही त्याच आठवड्यात, पण डिक्रीच्या आधी बसवा. नॉमिनीची नावं बदलायला विसरू नका.

मोडीची पावती सापडत नसेल तर त्या सराफाकडे जा, जुन्या वह्या बरेच जण ठेवतात. तिथेही नाही मिळाली तर लग्नाचा अल्बम आणि नंतरच्या एखाद्या समारंभाचे फोटो काढा, त्यातला एकेक दागिना ओळखून वजनासह यादी करा आणि आईकडून, मावशीकडून तपासून घ्या. माझ्या बायकोने अशीच यादी आणली होती, दोन पानांची. मी त्यातली एकही ओळ खोडू शकलो नाही.