पहिल्याच मीटिंगला देवावर घसरू नकोस

अरे आपल्या डाव्या कामगार चळवळीत आलास ते बरं झालं. पण परदेशीपुऱ्याच्या मजूर वस्तीत जाऊन सुरुवातच "देव नाही" अशी केलीस तर पगाराचं कोणी ऐकणारच नाही, नवीन मुलं नेमकी इथेच चुकतात. आपल्या इंदूरचंच बघ ना, हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली, मजुरांना थकलेले पैसे मिळाले २०२३ च्या शेवटी, आणि मधल्या वर्षांत हेच लोक हक्कासाठी भांडत पण होते आणि अनंत चतुर्दशीला झांकी (चित्ररथ) पण काढत होते. त्यांना कोणी विचारलं असतं का, आधी गणपती सोडा मग लढा?

सध्या एवढंच:
- "धर्म ही अफू आहे" हे मार्क्सचं वाक्य अर्धवट फेकू नकोस. त्याने तिथेच धर्माला पिचलेल्या माणसाचा उसासा पण म्हटलंय.
- आस्तिक मजूर आपल्यात नुसता चालतो असं नाही, हवाच. रशियन क्रांतीचा नेता लेनिन पक्का नास्तिक, पण १९०९ मध्ये त्याने हेच लिहिलं.
- खोटी आरती नको, लोकांना लगेच कळतं. विचारलं तर सरळ सांग मी मानत नाही, प्रसाद मात्र घे.

जातीवरून कोणाला देवळात अडवलं तर "श्रद्धा आहे बाबा त्यांची" म्हणून गप्प बसायचं नाही हं, तिथे बोलायचंच. थिअरी नंतर, रविवारी ये आधी.