जास्तीचं सामान पुढे पाठवू का?

प्रश्न : मी कामिनो फ्रान्सेस, म्हणजे स्पेनमधल्या सांतियागोला जाणारी यात्रेची पायवाट, चालणार आहे, सां-झां-प्ये-द-पोर ते सांतियागो. नंतर फिरायचे कपडे नि बूट आहेत, ते सगळं पाठीवर घेऊन चालू का?

उत्तर : अजिबात नको! जवळपास ७८० किलोमीटर चालायचंय, पहिल्याच दिवशी पिरेनीजचे डोंगर चढताना एकेक टीशर्ट खांद्याला जाणवतो. सरळ सांतियागोला पोस्टाने पाठवून द्या. फक्त सां-झां फ्रान्समधे येतं, त्यामुळे स्पॅनिश पोस्ट, म्हणजे कोरेओस, तिथे नाही, ते स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात मिळेल, सां-झांला जाण्याआधी तिथूनच पाठवा. त्यांची यात्रेकरूंसाठी खास पार्सल सेवा आहे, किती दिवस ठेवतील ते काउंटरवरच विचारून घ्या कारण चालायला महिनाभर सहज लागतो. नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा, आडनाव मोठ्या अक्षरात, कारण घेताना पासपोर्ट दाखवावा लागतो. पावतीचा फोटो काढून ठेवा, कागद पावसात भिजून पार लगदा होतो हो! रविवारी आणि २५ जुलैला, म्हणजे संत याकोबच्या सणाला, पोस्ट बंद धरूनच चाला. औषधं, रेनकोट आणि स्लीपिंग बॅग मात्र पार्सलमधे टाकू नका, ती रोज लागतातच.