स्टँड-अप म्हणजे हजेरी नव्हे

अजाइलचा, म्हणजे सॉफ्टवेअर छोट्या-छोट्या टप्प्यांत बनवण्याच्या पद्धतीचा, जाहीरनामा आधी वाचून टाक. २००१ साली अमेरिकेत युटामध्ये १७ जणांनी मिळून लिहिला. मूल्यं चारच, पाच मिनिटांत होतं.

खरी गोची रोजच्या १५ मिनिटांच्या स्टँड-अपमध्ये, म्हणजे टीमच्या उभ्या-उभ्या होणाऱ्या बैठकीत, होते. मॅनेजरकडे बघत 'काम चालू आहे' म्हणू नकोस, त्यातून कुणालाच काही कळत नाही. 'पेमेंटच्या स्क्रीनला टेस्ट डेटा नाही, कालपासून अडलोय' असं स्पष्ट सांग. शेजारचाच कुणीतरी म्हणतो, 'अरे, माझ्याकडे आहे, देतो.' मी नवा असताना लाजेपायी चार दिवस गप्प बसलो आणि डेमोला तोंडघशी पडलो.

स्टोरी पॉइंट म्हणजे तास नव्हेत, कामाच्या आकाराचा अंदाज. दुसऱ्या टीमशी तुलना नको. आणि हो, घरी निघण्याआधी जिरा (Jira) या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं आपल्या कामाचं कार्ड पुढे सरकव.