जर्नल माझा लेख ओपन ॲक्सेस (सगळ्यांना मोफत वाचता येईल असा) करण्यासाठी फी मागतंय. विद्यापीठाचं ग्रंथालय काही मदत करतं का?

हो, करतं, आणि जर्नल वर्गणीवालं असेल तर बऱ्याचदा फी न भरताही काम होतं. रेफरींच्या (लेख तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या) सूचनांनुसार दुरुस्त केलेली, स्वीकारली गेलेली तुमची वर्डमधली प्रत ग्रंथालयाला द्या, ते ती विद्यापीठाच्या रिपॉझिटरीत (ऑनलाइन संग्रहात) टाकतात. जर्नलला हे चालतं का, ते ग्रंथपाल ‘शेर्पा रोमिओ’ (आताचं ‘ओपन पॉलिसी फाइंडर’) या जर्नलांचे नियम दाखवणाऱ्या साइटवर बघून सांगतात. केंद्र सरकारच्या डीएसटी (विज्ञान व तंत्रज्ञान विभाग) किंवा डीबीटीचं (जैवतंत्रज्ञान विभाग) अनुदान असेल, तर त्यांच्या २०१४ च्या धोरणानुसार ही प्रत जमा करायचीच असते. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. मात्र प्रकाशकाची छापील मांडणीतली पीडीएफ परवानगीशिवाय चढवू नका. शिवाय काही जर्नलं तुमची प्रत सगळ्यांसाठी खुली करण्याआधी सहा महिने, वर्षभर किंवा त्याहून जास्त थांबायला लावतात.