बिल टोकनचं, भुरळ कॉइनची

प्रश्न : एआय कोडिंग टूलचं बिल महिनाअखेर एकदम का फुगतं? (दादर)

उत्तर : पैसे बहुतेक ठिकाणी टोकनवर, म्हणजे मॉडेल वाचतं-लिहितं त्या मजकुराच्या छोट्या तुकड्यांवर मोजले जातात, प्रश्नांच्या संख्येवर नाही. विसावा प्रश्न विचारलात की आधीचे एकोणीस, त्यांची उत्तरं आणि वाचलेल्या फाइली पुन्हा मॉडेलकडे जातात. एजंटला, म्हणजे स्वतःहून कोड लिहून चालवून पाहणाऱ्या एआयला, मोकळं सोडलंत तर कोडची टेस्ट फसली की तो स्वतःच दुरुस्त्या करत बसतो. काळी-पिवळीच्या मीटरसारखं बिल सिग्नललाही पळतं. काम बदललं की नवी चॅट उघडा. अख्खा प्रोजेक्ट नको, लागेल तीच फाइल द्या. खर्चाची मर्यादा सेटिंगमध्ये आधीच घाला. ‘दहा मिनिटांत ॲप’वाले व्हिडिओ हे बिल कधी दाखवत नाहीत!

प्रश्न : अशाच एका व्हिडिओत सुचवलेला क्रिप्टो कॉइन घ्यावा का? (मुलुंड)

उत्तर : सांगणाऱ्याला त्याचे पैसे मिळालेत का, ते आधी पाहा. मग कर किती लागेल, ते पाहा. नफ्यावर ३० टक्के, त्यावर ४ टक्के सेस. एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. म्हणजे एकात १०,००० कमावले, दुसऱ्यात १०,००० घालवले, तर हाती शून्य आणि कर ३,१२० रुपये.